बाथरूमच्या दारामागची खुंटी

चौकशीकाकांना खरं नाव होतं, पण ते पेन्शनच्या कागदापुरतं. उभी नोकरी त्यांनी बस स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत काढली, तेव्हा नाव पडायचं ते पडलंच. खिडकी म्हणजे जाड काच आणि तिला खाली अर्धगोल भोक. त्या भोकाशी वाकून लोक विचारत: कुठली गाडी, कुठला फलाट, सुटली का, सुटणार का, आणि सुटणार नसेल तर तुम्ही इथे बसलाय कशाला. काकांना सगळ्या गाड्या तोंडपाठ होत्या. जगातली कुठलीही गाडी कुठे जाते ते त्यांना माहीत होतं आणि त्यांतल्या एकीतही ते कधी बसले नव्हते. नोकरीचा फुकट पास होता, तोही तसाच कोराकरकरीत राहिला.

या खिडकीने काकांना एक गोष्ट शिकवली आणि त्याच गोष्टीने पुढे त्यांच्या संसाराच्या नाकी नऊ आणले. विचारणारा माणूस खिडकीवर विश्वास ठेवत नाही. तो काकांना विचारी, मग ड्रायव्हरला विचारी, मग पेपरवाल्याला विचारी, आणि पेपरवाला सांगेल त्या फलाटावर जाऊन उभा राही. पहिली काही वर्षं काकांचं डोकं फिरायचं. नंतर त्यांना लोकांचंच पटायला लागलं. त्यांनी सिद्धान्तच बांधला: एकाने सांगितली ती अफवा, दोघांनी सांगितली ती बातमी, तिघांनी वेगवेगळं विचारूनही एकच सांगितली तर ती माहिती.

सिद्धान्त खिडकीत ठेवून घरी यावं की नाही? पण नाही. घरात कुणाला ताप आला तर शेजारच्या दोन घरांतून आणखी दोन थर्मामीटर येत. तिन्ही पारे जुळेपर्यंत औषध नाही. काकूंनी तरुणपणी लग्नाला होकार दिला, तेव्हाही काकांनी तोच प्रश्न त्यांच्या भावाकडून आणि एका मैत्रिणीकडून पुन्हा विचारून घेतला होता. तिन्ही वेळा उत्तर ‘हो’च आलं. काकू अजून म्हणतात, “दुसऱ्या वेळी जरा विचार करायला हवा होता.”

काकू घरीच कपडे दुरुस्त करून देत. पँट आखूड करणं, चेन बदलणं, जाड झालेल्यांचे सदरे सैल करणं आणि बारीक होण्याची आशा असलेल्यांना समजावणं. त्यांचं मशीन खिडकीशी होतं. खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत, भिंतीवर सांडपाण्याचा पाइप, पाइपाला मध्ये एक वाक. मान वर केली की वाक, मान खाली घातली की चेन. या भिंतीसमोर काकूंचे केस पांढरे झाले.

त्यांची मागणी काही फार मोठी नव्हती. तलावाकाठी एखादं घर चार दिवस भाड्याने घ्यायचं, आणि सकाळी जाग आली की पडल्यापडल्या पाणी दिसायला हवं. बास. ही मागणी दर वर्षी मंजूर होई आणि दर वर्षी ‘चौकशी पूर्ण झाली नाही’ म्हणून पुढे ढकलली जाई. यंदा मात्र काकूंनी दारावर पाटी लावली, ‘शिवणकाम बंद’, आणि मशीनवर चादर घातली. मशीनवर चादर काकांनी पहिल्यांदाच पाहिली. त्यांना ते झाकलेलं मशीन बघून उगाचच भीती वाटली.

“यंदा नाही झालं तर मी पुन्हा विषय काढणार नाही,” काकू म्हणाल्या.

“असं कसं? विषय तर चालू आहे,” काका म्हणाले.

“तेच म्हणतेय मी.”

पहिला प्रयत्न मोबाइलवर झाला. काकूंच्या भावाची मुलगी मोबाइलच्या दुकानात कामाला होती. ती आली, तिने फोनमध्ये घरं भाड्याने देणारं ॲप टाकलं आणि तलावाकाठचं एक घर काढून दाखवलं. फोटो छान होते. काकांनी फोटोंकडे बघितलंसुद्धा नाही.

“साडेचार तारे,” ते म्हणाले. “अर्धा तारा कुणी कापला?”

“आतोबा, ते सगळ्यांची सरासरी काढतात.”

“पण कापणारा कोणीतरी असेल ना! त्याला फोन लाव.”

शोधाशोध केल्यावर कापणारा सापडला. त्याने लिहिलं होतं, ‘शांतता जरा जास्तच.’ म्हणजे किती जास्त, दिवसाची का रात्रीची, त्याला मुळात ऐकू कमी येतं का, याचा काही खुलासा नव्हता. तेवढ्यात पडद्यावर लाल अक्षरं आली: ‘आत्ता आणखी सात जण हे घर बघत आहेत.’

“अरे वा!” काका सरसावून बसले. “मग त्यांना विचार ना कसं आहे ते.”

भाचीने आत्याकडे बघितलं, आत्याने पाइपाच्या वाकाकडे बघितलं, आणि मोबाइलचा मार्ग तिथे संपला.

दुसरा प्रयत्न एजंटाचा. बाजारपेठेत एका ट्रॅव्हल एजंटाचं ऑफिस होतं. गार हवा, भिंतीवर समुद्राचं चित्र, आणि टेबलाच्या कडेला पाणी पिऊन ठेवलेले ग्लास. एजंट फोनवर होता. त्याने काकांना खुणेने बसायला सांगितलं. जागा नव्हती, म्हणून काका टेबलाच्या आतल्या बाजूच्या खुर्चीत टेकले. इथेच सगळं बिघडलं. दारातून एक बाई आली आणि तिने विचारलं, “डोंगरावरच्या गावाला थेट गाडी आहे का?” काकांच्या तोंडून उत्तर आपोआप बाहेर पडलं. तिच्या मागे एक जोडपं. जोडप्यामागे एक शाळामास्तर. बघता बघता रांग रस्त्यावर गेली. एजंटाने थोडा वेळ तोंडात बोट घालून हा प्रकार पाहिला, मग तो सरळ उठून चहाला गेला. येताना त्याने काकांसाठीही चहा आणला.

काकू बाहेरच्या बाकावर बसून वाट बघत होत्या. ऑफिस बंद व्हायच्या वेळेला काका बाहेर आले. चेहरा असा उजळलेला की काकूंना वाटलं, झालं बुकिंग.

“घर मिळालं?”

“घर? अगं, विचारायला वेळच नाही मिळाला. पण माणूस चांगला आहे. उद्या या म्हणालाय.”

काकू घरापर्यंत काकांच्या दहा पावलं पुढे चालल्या. राग आला होता, आणि तो यायलाच हवा होता.

मग तिसरा मार्ग उरला, थेट मालकाशी बोलण्याचा. काकूंनीच पेपरात छोटी जाहिरात शोधून काढली. तलावाकाठी, वरचा मजला, दोन खोल्या, मालक खाली राहतात. फोन नंबर. काकांना हा मार्ग एकदम पसंत पडला, कारण फोनच्या दुसऱ्या टोकाला माणूस होता आणि माणसाला प्रश्न विचारता येतात. मात्र सिद्धान्ताप्रमाणे एकाने विचारून भागणार नव्हतं. तिघांनी विचारायचं, एकमेकांची ओळख न दाखवता. पहिले स्वतः काका. दुसरा मेहुणा, जो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा आणि ज्याचा आवाज बंद काचेतूनही बाहेर जायचा. तिसऱ्या काकू, एकट्या प्रवास करणाऱ्या बाई म्हणून. एक जण बोलत असताना दुसऱ्याने खोलीत थांबायचं नाही. साक्षीदार फुटतात.

प्रश्न काकांनी सगळ्यांकडून घोटून घेतले. जिना वाजतो का? नळ टपकतो का? किटलीला झाकण आहे का? आणि शेवटचा, सगळ्यांत महत्त्वाचा: बाथरूमच्या दारामागे खुंटी आहे का?

“खुंटीचं काय एवढं?” मेहुण्याने विचारलं.

“ज्याने खुंटी ठोकली त्याने बाकीचं सगळं केलेलं असतं,” काका म्हणाले. “खुंटी नाही म्हणजे त्या घरात माणसाचा विचारच केलेला नाही.”

“आणि भावोजी, मी कोण म्हणून बोलू?”

“नवीन लग्न झालेला.”

मेहुण्याला मुलगी होती, जावई शोधणं चाललं होतं, गुडघा धरला होता. पण भावोजींचा शब्द मोडवेना. तो फोनवर एवढ्या मोठ्याने लाजला की खालच्या मजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

पहिली फेरी झाली. काकांना मालक म्हणाले, खुंटी नाही. मेहुण्याला म्हणाले, एक आहे. काकूंना म्हणाले, दोन आहेत. काकांना सांगितलं जिना वाजत नाही, मेहुण्याला सांगितलं थोडा वाजतो, काकूंना सांगितलं, “वाजतो हो, पण सवय झाली की बरं वाटतं. कुणीतरी घरी आलं असं वाटतं.”

“बघ!” काकांनी मांडीवर थाप मारली. “तीन तोंडं, तीन उत्तरं. माणूस लबाड आहे.”

माणूस लबाड नव्हता. माणूस बिचारा भला होता. कुणीतरी फोन करून खुंटी आहे का विचारलं, नाही म्हणताना त्याला लाज वाटली, म्हणून फोन ठेवल्याठेवल्या त्याने एक ठोकली. मग दुसऱ्याने तेच विचारलं. हल्ली लोकांना खुंट्या लागतात असं समजून त्याने आणखी एक ठोकली. खुंटीचं उत्तर तिन्ही वेळा खरंच होतं, फक्त घर बदलत होतं, आणि जिन्याचं त्याने लाजत लाजत कबूल केलं. पण हे काकांच्या सिद्धान्तात बसणारं नव्हतं. गाडी आणि फलाट चौकशीमुळे हलत नसतात.

दुसरी फेरी लावण्यात आली. आता खुंट्या पाच झाल्या होत्या आणि किटलीला दोन झाकणं. काका चिडले. तिसरी फेरी लागली. खुंट्या मोजायचं मालकांनी सोडून दिलं होतं. “भरपूर आहेत साहेब, हवं तेवढं टांगा,” असं ते काकांना जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाले.

तिसऱ्या फेरीत काकूंची पाळी आली. काका नियमाप्रमाणे जिन्यात जाऊन उभे राहिले. काकूंनी नंबर लावला.

“बाई, बरं झालं तुमचा फोन आला,” मालक म्हणाले. “माझी झोप उडालीय हो. एक कुणी साहेब आहेत, पोलिसातले असावेत. एक नवीन लग्न झालेला आहे, आवाजावरून साठीचा वाटतो. दोघेही बाथरूमच्या दारावरच अडलेत. माझ्या घरात असं काय पुरलंय? काल मी फरशीसुद्धा ठोकून बघितली.”

काकूंना हसू आवरेना. मग त्यांनी ठरवून दिलेले प्रश्न बाजूला ठेवले आणि इतक्या फेऱ्यांत कुणीच न विचारलेलं विचारलं. “पडल्यापडल्या पाणी दिसतं का?”

“पलंगाच्या एका बाजूने दिसतं,” मालक म्हणाले. “आमची ही त्याच बाजूला झोपायची. तुम्हाला हवंय का घर? हवं असेल तर त्या दोघांना मी नाही म्हणून सांगतो.”

“हवं,” काकू म्हणाल्या. एकदाच म्हणाल्या.

काका आत आले. “काय उत्तर आलं?”

“घर गेलं. एका बाईने घेतलं.”

“तरी मी म्हणत होतो,” काका हळहळले, पण खरं सांगायचं तर त्यांचा जीव भांड्यात पडला. निर्णय टळला की त्यांना नेहमीच बरं वाटे. “कोण बाई?”

“मी.”

काकांना समजायला वेळ लागला. मग ते खुर्चीत बसले. “अगं, पण उत्तरं जुळलेली नाहीत! निदान खुंट्यांचा आकडा तरी एकदा ठरू दे. मी परत फोन लावतो, मेहुण्याला सांगतो...”

“अहो,” काकू म्हणाल्या, “उद्या सकाळच्या गाडीने जायचंय. येणार का?”

माणसाला ‘येणार का’ असं विचारलं की कुणाकुणाला विचारून सांगायचं, हे काका मनात ठरवत होते. काकूंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांनी पलंगाखालून पिशवी ओढली आणि तिच्यात आपलेच कपडे भरले. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. गाडी कुठल्या फलाटावरून सुटते हे त्यांनी काकांना विचारलं नाही, आणि हे काकांना फार लागलं.

पहिल्या दिवशी काका ऐटीत होते. येईल परत, किटलीला एकही झाकण निघालं नाही म्हणून. दुपारी बेल वाजली. दारात एक जाडा गृहस्थ, हातात कोट.

“पाटी दिसतेय, पण काकू कधी येणार?”

काकांनी तोंड उघडलं. उभ्या आयुष्यात प्रश्न आला आणि उत्तर आलं नाही, असं झालं नव्हतं. गाडी रद्द असेल तर रद्द म्हणून सांगायचं, उशिरा असेल तर किती ते सांगायचं. इथे आतून काहीच येईना.

“माहीत नाही,” ते म्हणाले.

गृहस्थ गेला, पण जाताना त्याने खालच्या वाण्याला विचारलेलं काकांनी ऐकलं. वाणी म्हणाला, “काकू? आता कसल्या येतायत!” मग एक बाई आली चेन बदलायला, तिच्यामागे एक मुलगी झग्याची उंची कमी करायला. सगळ्यांचा प्रश्न एकच. संध्याकाळपर्यंत काकांनी ‘माहीत नाही’ इतक्यांदा म्हटलं की गाड्यांसारखं तेही तोंडपाठ झालं. तीनदा विचारून एकच उत्तर आलं की ती माहिती. सिद्धान्त त्यांचाच होता. म्हणजे काकू कधी येणार हे माहीत नाही, ही आता पक्की माहिती झाली होती.

ते जाऊन मशीनसमोरच्या स्टुलावर बसले. चादर तशीच होती. समोर भिंत, पाइप, पाइपाचा वाक. इथून दुसरं काही दिसतच नाही, हे त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं. ते बराच वेळ दुसरं काही दिसतंय का ते शोधत राहिले. मान तिरकी केली, स्टूल सरकवलं, उभे राहून वाकून बघितलं. भिंतच होती.

त्यांनी मालकांना फोन लावला.

“साहेब, घर गेलं हो,” मालक आवाज ओळखून घाईघाईने म्हणाले. “आणि खुंट्या मी आता काढणार नाही.”

“त्या बाई आहेत का?”

“गच्चीत बसल्यात. आणखी राहू का विचारत होत्या. तुम्ही पोलीस का?”

“नाही. मी...” काका अडखळले. “मी त्यांचा माणूस. तो नवीन लग्न झालेला त्यांचा भाऊ.”

मालकांनी हे एवढं पचवायला थोडा वेळ घेतला आणि फोन वर नेऊन दिला. जिना वाजताना काकांना स्पष्ट ऐकू आला. खरंच, कुणीतरी घरी आल्यासारखं वाटलं.

“बोला,” काकू म्हणाल्या.

“खुंटी आहे का?” काकांच्या तोंडून निघालंच. सवय.

“खुंट्याच खुंट्या आहेत. दार एवढं जड झालंय की उघडताना धाप लागते. एकीवर माझा टॉवेल आहे. बाकीच्या मोकळ्याच आहेत.”

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. पुढचे प्रश्न घोटलेले होते, नळ, जिना, किटली, पण एकही वर येईना. शेवटी त्यांनी विचारलं, “पडल्यापडल्या पाणी दिसतं का गं?”

“एका बाजूने दिसतं. दुसऱ्या बाजूला भिंत आहे.”

“मग?”

“मग काय? भिंतीकडची बाजू तुमची.”

“चालेल,” काका म्हणाले.

म्हणून झाल्यावर त्यांनाच दचकायला झालं. कुणालाही न विचारता त्यांनी उत्तर दिलं होतं. काकूंनी पलीकडून फोन ठेवला नाही. काकांना तलावाच्या बाजूने कसलासा आवाज आला. पाण्याचा असावा.

दुसऱ्या दिवशी काका बस स्टँडवर गेले आणि आपल्याच जुन्या खिडकीसमोर रांगेत उभे राहिले. पाळी आल्यावर अर्धगोल भोकाशी वाकले. या बाजूने वाकताना कंबर दुखते हे त्यांना ठाऊक नव्हतं. आत एक नवी मुलगी होती. तिने मान वर केली नाही.

“तलावाची गाडी?”

“सहा नंबर.”

ती गाडी तीन नंबरवरून सुटते. उभी नोकरी त्यांनी ती तीन नंबरवरून सोडली होती. काकांचे ओठ हलले. मागून पेपरवाल्याने ओळखून हाक मारली, “काय चौकशीकाका, कुठे निघालात? काही विचारायचंय का?”

“नाही रे,” काका म्हणाले आणि सहा नंबरकडे चालू लागले.

गाडी तिथेच उभी होती, पाटी तलावाचीच. आत गर्दी नव्हती. पुढच्याच बाकावर खिडकीची जागा रिकामी होती, आणि कोराकरकरीत पास खिशात असलेल्या माणसाला ती मिळायलाच हवी होती. काका क्षणभर तिच्याकडे बघत उभे राहिले आणि मग आतल्या बाजूला बसले. भिंतीकडच्या बाजूची सवय करायला हवी होती.